दुसरी ताटली

“अक्का, दार उघड गं. हात मोकळा नाही माझा.”

दार उघडलं तर महांतेश पायरीवर उभा. एका हातात गुंड्याच्या गळ्यातली दोरी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, काखेत गुंडाळी केलेला जाड कागद. रस्त्यावर जीप चालूच ठेवून दस्तगीर बसला होता. माझा धाकटा भाऊ आजऱ्यात साइनबोर्ड रंगवायचा. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांवर त्याची अक्षरं होती. दस्तगीर त्याचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार, शिडी धरायला आणि बडबड करायला.

“आत तरी ये,” मी म्हणाले.

“आत आलो तर बसेन. बसलो तर उठवणार नाही.”

तो हसत बोलत होता, पण दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभा होता. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.

“पित्ताचे खडे आहेत म्हणे. कोल्हापूरला बोलावलंय. आठ दिवस. खडे काढायचे आणि यायचं.”

“मी येते. रजा टाकते आत्ता.”

“तू आलीस तर डॉक्टरला प्रश्न विचारशील. तो घाबरेल. तो घाबरला की मी घाबरेन. त्यापेक्षा दस्तगीर बरा, त्याला काहीच कळत नाही.”

“ऐकू येतंय पेंटर!” जीपमधून आवाज आला.

“तू ह्याला सांभाळ,” महांतेशनं दोरी माझ्या हातात दिली. “रविवारी ये भेटायला. पण मी येईपर्यंत हा मला हाय तसा पाहिजे. तुझ्याशिवाय कुणावर टाकू?”

कस्तुरी, त्याची बायको, सात वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. आई-अप्पा त्याच्याही आधी गेले. मी लग्न केलं नव्हतं. आमच्या घरातली माणसं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा लागत नव्हती. उरलो होतो आम्ही दोघं, आणि हा तांबूस, लांब तंगड्यांचा, एक कान दुमडलेला कुत्रा.

जीप निघाली तेव्हा गुंड्या भुंकला नाही. ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला, मग माझ्याकडं बघितलं, आणि मी ओढायच्या आधी स्वतःच घरात आला. फार सभ्य कुत्रा होता तो.

पिशवीत त्याचं पांघरूण होतं आणि एकात एक घातलेल्या दोन जर्मनच्या, अॅल्युमिनियमच्या ताटल्या, एक मोठी, एक तिच्याहून थोडी लहान. गुंडाळी उलगडली तर काळ्या रंगात, बोर्डावर रंगवावीत तशी अक्षरं: सकाळी आठ, दीड भाकरी, दुधात कुस्करून. संध्याकाळी आठ, दीड भाकरी, आमटीत, तिखट नको. सायकलच्या घंटीला भितो. उजव्या कानाला हात लावू नये. आणि सगळ्यात खाली, भोवती वेलबुट्टी काढून: गोड बोलावे.

मी तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवला.

मी तेव्हा गडहिंग्लजला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. गावोगावच्या विहिरींच्या आणि बोअरच्या बाटल्या यायच्या, त्यांतलं काय किती ते सांगायचं. त्या कामाचा एकच नियम मला मनापासून आवडायचा. दिसलं तेच लिहायचं. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर खरा आकडा, शेजारी सही. गुंड्यासाठीही मी एक वही केली. पहिल्या पानावर त्याचं वजन लिहिलं. त्याला उचलून काट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले, वजाबाकी केली. बावीस किलो चारशे.

त्या संध्याकाळी बरोबर आठ वाजता मागच्या सोप्यात मोठ्या ताटलीत भाकरी-आमटी ठेवली, लहान ताटलीत पाणी. गुंड्या पुढचे पाय जुळवून बसला. अन्नाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग पाण्याच्या ताटलीकडं. पुन्हा माझ्याकडं.

“खा की,” मी म्हणाले. मग कागद आठवून शक्य तितकं गोड, “खा रे राजा.”

तो शेपटी एकदा हलवून तसाच बसून राहिला. मी वीस मिनिटं हातात पेन्सिल घेऊन उभी होते. मग मी आत गेले आणि माझं जेवण उरकलं. आई गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानंच जेवायचे. एकटीसाठी ताट घ्या, पाट घ्या, खाली बसा, पुन्हा उठा, हे सगळं उगाच वाटायचं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं आणि सात मिनिटांत मोकळं व्हायचं.

साडेआठला फोन आला.

“अक्का, तू जेवलीस का?”

“हो.”

“गुंड्या जेवला का?”

खिडकीतून मला सोपा दिसत होता. ताटली भरलेली होती.

“हो. जेवला.”

मला वाटलं होतं, तासाभरात खाईल. आज ना उद्या यायचाच तो आकडा मी आधी सांगितला, एवढंच. अठरा वर्षांच्या नोकरीत मी असं कधी केलं नव्हतं. वहीत मात्र शून्यच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही शून्य. दुपारी दस्तगीरचा फोन आला, वॉर्डाबाहेरून, दबक्या आवाजात.

“अक्का, डॉक्टर म्हणालेत पेशंटला काळजीचं काही सांगायचं नाही. गोड गोड बोला. गुंड्या बरा हाय न्हवं?”

“बरा आहे.”

“मग झालं. पेंटरचा जीव त्याच्यातच अडकलाय. रात्री सगळ्या वॉर्डाला गुंड्याच्या गोष्टी सांगितल्या. आता शेजारचा पेशंट सकाळी उठून पहिलं गुंड्याची खुशाली विचारतोय.”

आजारी माणसाला वाईट सांगायचं नाही ही आमच्या घरातली जुनीच रीत. अप्पांना त्यांची गाय मेल्याचं आम्ही दीड महिना सांगितलं नव्हतं. ते अंथरुणावरून तिच्या वैरणीची चौकशी करायचे आणि आई सांगायची, खाते आहे, दूध जरा कमी आहे. ‘जरा कमी आहे’ हे तिनं खरं वाटावं म्हणून घातलं होतं.

मीही शिकले. “आज जरा भाकरी टाकली त्यानं,” मी बुधवारी महांतेशला सांगितलं, “पण निम्मी खाल्ली.”

“फोन लाव की त्याच्या कानाला. डाव्या.”

मी लावला. “गुंड्या, ए लबाडा,” एवढं मलाही ऐकू आलं. गुंड्या ताडकन उठला. फोन हुंगला. मग माझ्या मागं जाऊन बघितलं, मग फोन धरलेल्या हाताच्या मागं. तिथं कुणी नाही म्हटल्यावर समोरच्या दाराशी गेला आणि फटीला नाक लावून तासभर उभा राहिला.

त्यानंतर महांतेशनं “फोन दे त्याला” म्हटलं की मी सांगायचे, “झोपलाय रे.”

“फार झोपायला लागला.”

“तुझ्याकडं झोपू देत नसशील.”

तो हसायचा. त्याचं हसू पोटातून निघायचं, आता ते गळ्यातूनच यायचं. मी ते ऐकत होते, पण ते लिहायला माझ्याकडं वही नव्हती.

चौथ्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा अंडी विकत आणली. आम्ही लिंगायत, घरात कधी अंड्याचं टरफलही आलं नव्हतं. दुकानदारानं कागदात बांधून दिली तरी शेजारच्या कमळावहिनींनी गच्चीवरून ओळखलं.

“गिरिजाताई, काय वो हे?”

“कुत्र्याला.”

“हां, कुत्र्याला,” त्या म्हणाल्या, “मी काय बोलले?”

उकडायची किती वेळ तेही मला माहीत नव्हतं. घड्याळ लावून दहा मिनिटं उकडली, सोलली, चिरली. गुंड्या पुढचे पाय जुळवून बसला. अंड्याकडं बघितलं, माझ्याकडं, पाण्याच्या ताटलीकडं. त्या ताटलीतलं पाणीही तो पीत नव्हता. शेवटी मी लहान बादली आणली, त्यातून तो लपालप प्यायला. मग ती ताटली घासून फळीवर पालथी घातली. वहीत मी रोज तेच वाक्य लिहीत होते: ‘अन्नाकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो, लहान ताटलीकडे पाहतो. खात नाही.’ ताटली फळीवर गेली त्या दिवसापासून ‘फळीकडे पाहतो’ असं लिहिलं. निरीक्षण अचूक होतं.

शुक्रवारी जनावरांचे डॉक्टर चौगुले आले. त्यांनी तोंड उघडून दात बघितले, घसा बघितला, पोट दाबलं, ताप बघितला. कातडीखाली सलाइन दिलं.

“काही आजार नाही मॅडम,” ते हात धुताना म्हणाले. “हे उपाशी राहिलेलं नाही. हे उपास करतंय.”

“मालक दवाखान्यात आहे.”

“ते असेलच. झुरतंय. पण निव्वळ झुरणारं कुत्रं ताटापासून लांब जाऊन पडतं. हा तर तयार होऊन बसतोय, पंगतीला बसल्यागत. कशाची तरी वाट बघतोय.” टॉवेल परत देत ते म्हणाले, “मालकाला फोन करून एवढंच विचारा, घरी हा जेवतो कसा. काय खातो ते नको, ते तुमच्याकडं लिहिलेलं आहे. कसा जेवतो. कुठं बसतो, कुणी भरवतं का, समोर कोण असतं.”

“विचारते.”

“आजच विचारा. अजून चार दिवस असेच गेले तर मग मी येऊन उपयोग नाही.”

त्या संध्याकाळी मी फोनची वाट बघत सोप्यातच बसले होते. प्रश्न मनात नीट मांडून ठेवला होता. ‘अरे, गुंड्या घरी कसा जेवतो?’ साधा प्रश्न. पण तो विचारला की पुढचा प्रश्न त्याचा असणार होता: ‘का गं?’

“अक्का, तू जेवलीस का?”

“जेवले.”

“काय जेवलीस?”

“भात-आमटी.” दोन बिस्किटं खाल्ली होती.

“गुंड्या जेवला का?”

“जेवला. महांतेश, एक विचारू?”

“विचार की.”

त्याच्या मागं कसलंसं यंत्र ठरावीक अंतरानं वाजत होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, “तू काय खाल्लंस आज?”

“इडली दिली. तीन. चटणी पाणचट होती, पण चाललं.”

तीन इडल्या. मला इतकं बरं वाटलं की प्रश्न विचारायचं कारणच उरलं नाही. इडली पचते आहे म्हणजे दोन-तीन दिवसांत घरी सोडतील. तो दारात उभा राहिला की गुंड्या आपोआप खाईल. मग कशाला आज त्याचा जीव टांगणीला लावायचा? मी मनातल्या मनात हिशोब मांडला, दोन्ही बाजू जुळल्या, आणि मी प्रश्न गिळला.

रविवारची सकाळी सहाची गाडी मला पकडायची होती. पाच वाजता सोप्यात गेले तर गुंड्या उठायला बघत होता आणि त्याचे मागचे पाय दोन्ही बाजूंना घसरत होते. मी त्याला धरलं. बरगड्या हाताला मोजता येत होत्या. काट्यावर चढले, उतरले. सतरा किलो शंभर.

मी साडी बदलली आणि तशीच त्याच्याजवळ बसून राहिले. चमच्यानं साखरपाणी त्याच्या ओठांच्या कडेनं सोडत होते, निम्मं बाहेर येत होतं. हाय तसा पाहिजे, असं सांगून गेला होता तो. आता मी कोल्हापूरला जाऊन त्याच्या पलंगाशी बसले असते आणि इकडं हा गेला असता, तर कुठल्या तोंडानं त्याच्याकडं बघणार होते?

आठ वाजता मीच फोन केला.

“महांतेश, आज येता येत नाही रे. ऑफिसात तपासणी आलीय. वरून साहेब येणार आहेत.”

“रविवारी?”

“रविवारी.”

यंत्र वाजत होतं. मग म्हणाला, “बरं. नको येऊस. गुंड्याला एकट्याला सोडू नकोस.”

“पुढच्या आठवड्यात येते. तोपर्यंत तुलाच सोडतील.”

“हां, म्हणाले डॉक्टर तसं. गुरुवारी बघू म्हणाले.” तो थांबला. श्वास घेऊन पुन्हा म्हणाला, “अक्का.”

“काय रे?”

“बसून जेवत जा गं. उभ्यानं नको.”

“बरं बाबा,” मी म्हणाले. माझं लक्ष गुंड्याच्या पोटाकडं होतं, ते वरखाली होतंय की नाही.

मंगळवारी एक वाजता प्रयोगशाळेत फोन आला. मी ब्युरेटच्या तोटीवर हात ठेवून थेंब मोजत होते.

“अक्का, या तुम्ही,” दस्तगीर म्हणाला. एवढंच.

मी तोटी बंद केली. आकडा वाचला, पुन्हा वाचला. बारा पूर्णांक चार. तो वहीत लिहिला. मग हात धुतले. घरी जाऊन कमळावहिनींना किल्ली दिली, साखरपाण्याचा डबा आणि चमचा दाखवला.

मी साडेचारला पोचले. तो तीन वाजून दहा मिनिटांनी गेला होता.

तरुण डॉक्टर होता. मी खरोखरच प्रश्न विचारले आणि तो घाबरला नाही. पित्ताचा एक खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज आली होती. दाखल झाला त्याच दिवशी ते कळलं होतं. मग सूज वाढत गेली, मग मूत्रपिंडं, मग फुप्फुसं. मला शिकलेलं आठवत होतं. अन्न पचवायचा रस बाहेर जायला वाट मिळाली नाही की तो त्याच अवयवाला पचवायला लागतो.

“पेशंटला माहीत होतं?” मी विचारलं.

“शनिवारपासून. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

आमच्यात जाळत नाहीत. स्नान घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि तसंच जमिनीत ठेवतात. आजऱ्याच्या रुद्रभूमीत बुधवारी सकाळी त्याला बसवलं. त्याच्या उजव्या हाताच्या नखात निळा रंग होता. स्नानानंही तो गेला नव्हता. जंगमानं मंत्र म्हटले. वरून बेलाची पानं टाकली, मग माती.

शुक्रवारी दुपारी दस्तगीर मला जीपमधून गडहिंग्लजला घेऊन आला. लांबच्या नातेवाइकांनी फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. घरात आल्यावर कमळावहिनींनी किल्ली दिली.

“जीव हाय,” त्या म्हणाल्या. “चमच्यानं घेतो. पण ताई, डोळे सारखे दाराकडं.”

गुंड्या सोप्यात पांघरुणावर पडला होता. मला बघून शेपटीचं टोक हललं. माझ्या मागून दस्तगीर आला आणि दारातच थांबला.

“अरे गुंड्या,” तो म्हणाला, “हे काय रे करून घेतलंस?” मग माझ्याकडं वळून, “अक्का, तुम्ही तर रोज जेवतो म्हणून सांगत होता.”

“तुम्हीच म्हणालात, काळजीचं सांगू नका.”

“व्हय.” तो उंबऱ्यावर बसला. “मीच म्हणालो.”

“आणि तो तरी,” मी म्हणाले, “तीन-तीन इडल्या खाऊन असा कसा एकाएकी…”

“कसल्या इडल्या?”

मी त्याच्याकडं बघितलं.

“अक्का, नऊ दिवस त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. डॉक्टरांनी सक्त बंद केलं होतं. नळी घातलेली नाकात. ओठ सुकले की मी ओल्या कापसानं पुसायचो.” त्यानं रुमाल काढला, पण तो हातातच ठेवला. “तुमच्या फोनची वेळ झाली की म्हणायचे, दस्तगीर, आज काय खाल्लं सांगू? मी म्हणायचो, इडली सांगा. एकदा शिरा म्हणालो. तर म्हणाले, नको, शिरा मला आवडत नाही, अक्काला संशय येईल.”

बाहेरून सायकल गेली, घंटी वाजली. गुंड्यानं कान टवकारला नाही.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. आठवडाभर मांडून ठेवलेला, जशाच्या तसा.

“दस्तगीर, गुंड्या घरी कसा जेवायचा?”

“कसा म्हणजे? पेंटरबरोबर.”

“बरोबर म्हणजे?”

“समोरासमोर. दोघं खाली बसायचे. कस्तुरीवहिनी गेल्यावर पेंटर जेवायचाच बंद झाला होता, तुम्हाला ठाऊक नसंल. ब्रश धरायला हात उचलत नव्हता. त्यात हे पिल्लू शिडीखाली सापडलं, ते पण काही खाईना. एक दिवस दोघांची ताटं समोर ठेवून मीच म्हणालो, आता कोण आधी मरतंय बघू. पेंटर म्हणाला, तू खा मग मी खातो. पिल्लू बसलं बघत. तासभर दोघं एकमेकाकडं बघत बसले. शेवटी पेंटरनंच घास घेतला, तसं ह्यानं तोंड घातलं. तेव्हापासनं सात वर्षं तेच. त्यांचा पहिला घास गिळून झाल्याबिगर हा तोंड लावत नाही. आणि ह्याच्यापायी त्यांना दोन वेळा बसायलाच लागायचं.”

त्याची नजर फळीवर गेली. “ही हितं कशी? ही पेंटरची ताटली. दोन्ही कायम एकात एक असायच्या, गडबडीत तशाच उचलल्या वाटतं.”

“कागदावर त्यानं हे लिहिलं का नाही?” माझा आवाज मला अनोळखी वाटला. “सायकलची घंटी लिहिली. कान लिहिला.”

दस्तगीरला प्रश्नच कळला नाही. “त्यात काय लिहायचं अक्का? तुम्ही जेवणारच की.”

सात वर्षांत महांतेशनं एकदाही गुंड्याला आपल्या आधी जेवायला घातलं नव्हतं, म्हणून हे सांगायला हवं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. पण विचारलं असतं तर त्यानं दस्तगीरसारखंच सांगितलं असतं, एका वाक्यात, नळी नाकात असताना. मी बसले असते. गुंड्या जेवला असता. रविवारी मी सहाची गाडी पकडली असती.

चौदा वर्षं झाली. गुंड्या त्यानंतर चार वर्षं जगला. ती वही माझ्याकडं आहे. त्यातल्या एकाही आकड्यावर आडवी रेघ नाही, सगळी शून्यं खरी आहेत. खोटं होतं ते फोनवर होतं, आणि त्यावर रेघ मारून वर खरा आकडा लिहायला जागा नाही.

त्या दुपारी दस्तगीर जीपमधली पिशवी आणायला गेला तेव्हा मी फडकं सोडलं. मोठ्या ताटलीत भाकरी दुधात कुस्करून गुंड्याच्या तोंडापुढं सरकवली. मग फळीवरची लहान ताटली काढली, पदरानं पुसली, तीत उरलेली अर्धी भाकरी घेतली. त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. माझे गुडघे कुरकुरले. कितीतरी वर्षांनी मी अशी बसत होते.

गुंड्यानं मान उचलली. माझ्या ताटलीकडं बघितलं. मग खरंच, सावकाश, पुढचे दोन्ही पाय ओढून एकमेकांजवळ आणले.

मी घास तोंडात घातला. भाकरी कोरडी होती. मी चावत राहिले. तो माझ्या गळ्याकडं बघत होता. मी गिळलं.

त्यानं मान खाली घातली आणि खायला लागला. ताटली फरशीवर सरकत गेली, ती मी एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं माझी भाकरी संपवली. त्यानं ताटली चाटून चकचकीत केली, आणि हनुवटी माझ्या पायावर ठेवून डोळे मिटले.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. साडेआठचा फोन आता येणार नव्हता.

“मी जेवले,” मी म्हणाले. “गुंड्या जेवला.”